गुहेला दुसरा दरवाजा दाखवावा

फिलिपिन्समधल्या समार बेटावरचं एक गाव मला तोंडपाठ आहे. बस थांबते तिथे चिंचेचं झाड, झाडाच्या डाव्या हाताला बेकरी. तिथला पाव सकाळी सहालाच संपतो. समोर टेकडी, टेकडीवर जुनं दगडी चर्च आणि चर्चच्या मागे टेहळणीचा बुरूज, पूर्वी समुद्रातून चाचे यायचे म्हणून बांधलेला. खाली नदीकाठी बाजार. बाजारातल्या तिसऱ्या टपरीवर नारळाच्या करवंटीत शिजवलेली अळकुड्यांची मिठाई मिळते, तिला बिनागोल म्हणतात. चौथ्या टपरीवरही मिळते, पण ती घ्यायची नाही. का घ्यायची नाही हे मी कधी विचारलं नाही. हे सगळं मी शारजात, रोल्ला भागातल्या एका ऑफिसात, चहाच्या वेळात पाठ केलं. माझं स्वतःचं गाव गुहागरच्या अलीकडे आहे, आणि तिथे हल्ली एसटी नक्की कुठे थांबते असं कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

हे पाठांतर ज्याने करून घेतलं तो आमचा ड्राफ्ट्समन. त्याचं खरं नाव लेबर कार्डावर होतं आणि ते चार शब्दांचं होतं, त्यामुळे कोणी त्या वाटेला गेलं नाही. सगळे त्याला कुया म्हणत. कुया म्हणजे त्यांच्या भाषेत दादा. आमचे जॉर्डनचे मॅनेजर त्याला झापतानासुद्धा आधी दादा म्हणत आणि मग झापत. माझ्या बायकोने तर पहिल्याच भेटीत त्याला 'कुया भावोजी' करून टाकलं, आणि त्याला त्याचा अर्थ समजल्यावर तो दोन दिवस छाती काढून चालत होता.

मी चौऱ्याण्णव साली शारजाला गेलो. आमची कंपनी गोदामं बांधायची. कुयाने गोदामाचं ड्रॉइंग काढायचं, मी ते तपासायचं, मॅनेजरने ते कन्सल्टंटकडे मंजुरीला पाठवायचं, असा धंदा. पहिल्या दिवशी मी कुयाला विचारलं, की जुनी ड्रॉइंग्ज कुठे असतात. त्याने माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला. मी दचकलो. पुन्हा विचारलं, तर पुन्हा चंबू, या वेळी भुवया उंचावून. नोकरीचा पहिला दिवस, परका देश, मी सरळ माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. चार दिवसांनी कळलं की त्यांच्याकडे दिशा बोटाने नाही, ओठाने दाखवतात. ड्रॉइंग्ज डावीकडच्या कपाटात होती.

माणूस बुटका, भांग पट्टीने आखल्यासारखा. खिशात चार पेनं, चारही वेगवेगळ्या जाडीची. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर फक्त अकाउंट्सच्या टेबलावर होता, ड्रॉइंग हाताने, ट्रेसिंग पेपरवर, शाईत. त्या शाईने कुयाने आपल्या गावाचा नकाशा काढला होता. साधासुधा नाही. कंपनीची चौकट, खाली उजवीकडे कंपनीच्या नावाचा ठोकळा, त्यात ड्रॉइंगचा नंबर, रिव्हिजन नऊ, म्हणजे नवव्यांदा सुधारलेलं. ठोकळ्यात तीन घरं: काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. बाजूला एकतीस ठिकाणांची यादी. क्रमांक सात, चर्च. क्रमांक बारा, दगडाचा नैसर्गिक पूल, नदीतून होडीने जावे. क्रमांक एकोणीस, इथे थांबून दम खावा. क्रमांक चोवीस, गुहा.

गुहेवरून रोज भांडण व्हायचं. कुयाचं म्हणणं असं, की त्यांच्या गावच्या बायका गुहेत बसून चटया विणतात. आम्ही सगळे हसायचो. माणसं गुहेतून बाहेर येऊन किती हजार वर्षं झाली, आणि यांच्या बायका परत आत जाऊन बसल्या? कुया चिडायचा नाही. तो हिंदी आमच्या चहावाल्याकडून शिकला होता, त्या हिंदीत सांगायचा, "सर, झूठ नहीं. बाहर घास टूटता. अंदर घास नहीं टूटता." एवढ्याने कोणाचं समाधान व्हायचं नाही. मग तो टेबलाखालून त्याच्या आईने विणलेली चटई काढायचा. जांभळ्या, तांबड्या, हिरव्या गवताची, आणि मधोमध त्याचं नाव विणलेलं, चारही शब्द. जेवणाच्या सुट्टीत तो ती ड्रॉइंग बोर्डाखाली पसरून त्यावर झोपायचा, छातीवर पट्टी ठेवून. तिच्यावर बूट घालून पाय ठेवायची कोणाला परवानगी नव्हती. एकदा मॅनेजरसाहेब चुकून उभे राहिले. कुयाने झोपेतल्या झोपेत त्यांचा घोटा धरून बाजूला केला. साहेबसुद्धा आश्चर्याने बाजूला झाले.

तो आमच्याच इमारतीत राहायचा. आम्ही पाचव्या मजल्यावर, फॅमिली व्हिसावाले. तो तिसऱ्यावर, एका खोलीत आठ जण, त्यात वरची बर्थ. एका शुक्रवारी सगळ्या इमारतीत असा वास सुटला की वॉचमन प्रत्येक दार ठोठावत वर आला. लोक नाकाला रुमाल लावून जिन्यात उभे. माझी बायको मालवणची. ती दार उघडून बाहेर आली, डोळे मिटून दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "खारवलेली मासळी आहे. तव्यावर कमी तेलात टाकलीय." मग ती वासाच्या मागे मागे तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरली आणि परत आली ती हातात बशी घेऊन. वॉचमनला तिने सांगितलं की वास आमच्याच घरातून येतोय, काय करायचं ते करा. त्या दिवसापासून दर शुक्रवारी खालून सुकी मासळी वर यायची आणि वरून सोलकढी खाली जायची.

या दोघांचं वाजलं ते एकदाच, नारळावरून. कुयाला शारजात बिनागोल करायचं होतं. अळकुड्या रोल्लात मिळत होत्या, करवंट्यांचं काय? तो वर आला आणि बायकोला म्हणाला, मॅम, नारळ असा आडवातिडवा फोडू नका, मला दोन सारखे अर्धे पाहिजेत, मी दाखवतो. "मला?" बायको म्हणाली, "हा मला नारळ फोडायला शिकवतो?" ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर ती कोयत्याच्या पाठीने नारळाच्या कंबरेवर टकटक करत तो हळूहळू फिरवत होती, अगदी त्याने दाखवलं तसं. नारळ मधोमध दुभंगला. "तुम्ही काही बघितलं नाहीत," असं तिने मला बजावलं. बिनागोल झालं मात्र अप्रतिम. तळाशी खरवडून खाण्याची त्याची एक पद्धत होती, ती आमच्या मुलीला तोंडपाठ झाली.

आता नकाशाच्या सहीबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढे मला जरा खाली मान घालून लिहावं लागणार आहे.

कुयाचा नियम होता की नकाशाची प्रत फुकट मिळत नाही. घेणाऱ्याने गावाला येईन असं कबूल करायचं. ऑफिसातल्या अकरा जणांनी तसं कबूल केलं होतं, 'इन्शाल्ला' म्हणून, आणि त्यातला एकही कधी जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कुयाला 'इन्शाल्ला' या शब्दाचा फार राग. तो म्हणायचा, गल्फमध्ये इन्शाल्ला म्हणजे खलास. एक दिवस तो मूळ ट्रेसिंगच घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि 'तपासलं' या घरावर पेन ठेवलं. मी हसत हसत माझी नेहमीची सही ठोकली, गोदामाच्या ड्रॉइंगवर ठोकतो तशीच.

"सर, यू साइन," तो अगदी हळू म्हणाला. "साइन मीन्स यू चेक्ड. यू नॉट चेक्ड येट. सो यू मस्ट कम."

मी म्हटलं, येणार ना. तुझं घर कुठे आहे यात? त्याने कागदाच्या कडेकडे कुठेतरी ओठांचा चंबू केला. नियर, सर. व्हेरी नियर. एकतीस ठिकाणांत त्याचं घर नव्हतं. मी पुढे विचारलं नाही.

शहाण्णव साली एका मोठ्या गोदामाची ड्रॉइंग्ज मंजुरीला जायची होती. बावीस शीट. त्या दिवशी सकाळपासून घाई, प्रिंटिंगच्या अमोनियाने सगळ्यांचे डोळे लाल. कुयाने कपाटातल्या ट्रेसिंग्जची चळत न चाळता तशीच उचलली, प्रिंट काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. पाठवणीच्या यादीवर मी सही करायची होती. मी शीट मोजल्या. तेवीस भरल्या. यादीत बावीस होत्या. कुठल्याही शहाण्या माणसाने जास्तीची शीट कुठली ते पाहिलं असतं. मी यादीतला बावीसचा आकडा खोडून तेवीस केला.

दोन आठवड्यांनी सगळा गठ्ठा मंजूर होऊन आला. मॅनेजरसाहेब इतके खूष, की त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा पिता पिता ते शीट उलटत होते. फाउंडेशन, मंजूर. स्टील, मंजूर. छप्पर, मंजूर. आणि तेविसावी शीट: चर्च, बुरूज, बाजारातल्या टपऱ्या. तिच्यावरही कन्सल्टंटचा शिक्का, मंजूर, सूचनांसह. खाली लाल शाईत तीन सूचना. एक, सर्व रस्त्यांची रुंदी लिहावी. दोन, चर्चच्या छपराचा कॅटलॉग सादर करावा. तीन, गुहेला एकच दरवाजा दिसतो, आणीबाणीत बाहेर पडण्यासाठी दुसरा दरवाजा दाखवावा.

सगळ्यात आधी चहावाला हसला. मग सगळं ऑफिस. साहेब हसले नाहीत. ते रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा, आणि त्या दिवशी तो इतका खाली गेला की आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागलं. कन्सल्टंटला सांगायची सोय नव्हती. न बघता शिक्के मारतोस असं त्याला तोंडावर म्हटलं असतं, तर पुढची दहा गोदामं त्याने अडवून ठेवली असती. तेव्हा राग घरातच कोणावर तरी निघणार होता. साहेबांनी 'तपासलं' या घरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही सही कोणाची?"

मी तोंड उघडलं. हे मी शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण शब्द यायच्या आत कुया म्हणाला, "माय मिस्टेक, सर. आय साइन हिज नेम. फॉर फन ओन्ली." आणि यादीतले तेवीस? साहेबांनी विचारलं. तेही मीच, सर. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

साहेबांनी त्याला वॉर्निंग लेटर दिलं आणि त्या वर्षीची सुट्टी रद्द केली. व्हिसा कॅन्सल करत नाही हे नशीब समज, म्हणाले. तीन आठवड्यांनी त्याच्या गावची जत्रा होती. चार वर्षांत पहिल्यांदा तो घरी जाणार होता. त्याच्या खोलीत जागा नाही म्हणून घरी न्यायचा पुठ्ठ्याचा मोठा खोका आमच्या हॉलमध्ये अर्धा भरलेला पडला होता. साबण, टॉवेल, आईसाठी तीन वेगवेगळ्या नंबरांचे तयार चष्मे, कारण तिचा नंबर माहीत नव्हता.

संध्याकाळी जिन्यात मी त्याला गाठलं. सॉरी म्हटलं, उद्या साहेबांना खरं सांगतो म्हटलं. त्याने मान हलवली.

"सर, यू हॅव फॅमिली व्हिसा. यू हॅव वाइफ, बेबी, हॉल, किचन. आय हॅव अप्पर बर्थ ओन्ली. इफ आय फॉल, स्मॉल फॉल."

एवढं बोलून तो स्वतःच हसला आणि खाली गेला. मी साहेबांना दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही, आणि त्यानंतर तर मुहूर्तच निघाला नाही.

खोका वर्षभर आमच्या हॉलमध्ये राहिला. बायकोने त्यावर निळ्या फुलांचा टेबलक्लॉथ घातला, पाहुणे आले की त्यावर चहाचे कप ठेवायची. मी त्या खोक्याकडे पाठ करून पेपर वाचायचो. शेवटी एक दिवस तिनेच विचारलं, भावोजींची सुट्टी रद्द का झाली, आणि मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "सही तुमची, आकडा तुमचा. मग तोंडात काय बोळा कोंबला होता?" त्या शुक्रवारी तिने सोलकढी स्वतः खाली नेली. मला नेऊ दिली नाही.

कुया मात्र होता तसाच. उलट त्याला एक नवीनच नाद लागला. त्याचं गाव आता मंजूर झालेलं गाव होतं, शिक्क्यासकट. येईल त्याला तो शिक्का दाखवायचा. सूचनांची पूर्तता करायची म्हणून त्याने आईला पत्र टाकून रस्त्यांची रुंदी मागवली. आईने कोणाकडून तरी लिहवून पावलांत कळवली. हा आईच्या पावलाची लांबी आठवून तिचं मीटरमध्ये रूपांतर करत बसायचा. चर्चच्या कॅटलॉगबद्दल पाद्र्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली तेव्हा खोका गेला, आणि बायकोने टेबलक्लॉथही त्यातच घालून दिला.

दोन हजार साली ऑफिसात सगळीकडे कॉम्प्युटर आले, आणि शाईची चार पेनं खिशात घेऊन कुया कायमचा घरी गेला. जाताना त्याने माझ्याकडून काही वचन घेतलं नाही. मला वाटलं विसरला असेल, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दोन वर्षांनी पोस्टात एक पुठ्ठ्याची नळी आली. आत ट्रेसिंग. रिव्हिजन दहा. रस्त्यांची रुंदी लिहिलेली. आणि गुहेच्या मागच्या बाजूला एक छोटं भोक दाखवलेलं, त्याला बाण, बाणाशी लिहिलेलं: 'दुसरा दरवाजा, आधीपासून आहे, बकऱ्या वापरतात.' खाली ठोकळ्यात, काढलं: त्याची सही. मंजूर: त्याच्या आईचा अंगठा. मधलं घर कोरं होतं. माझी सही त्याने काढून टाकली होती.

आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने कोऱ्या घरावर बोट ठेवलं. मी समजावलं, की ड्रॉइंग बरोबर आहे का ते प्रत्यक्ष बघून मग इथे सही करायची असते, ते बाबांचं काम.

"सो डिड यू चेक?" तिने विचारलं.

बायको माझ्याकडे बघत होती. त्या वर्षी आम्ही सुट्टीत गुहागरला गेलो नाही. तिकिटं किती दिऱ्हमची आणि त्याचे रुपये किती, हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो नाही.

बस चिंचेखाली थांबली. डाव्या हाताला बेकरी, पाव संपलेला. चर्च, बुरूज, बाजार, तिसरी टपरी, सगळं जिथल्या तिथे होतं. मी नकाशा हातात घेऊन पुढे चालत होतो आणि कुया माझ्या मागून गप्प येत होता, परीक्षेला बसल्यासारखा. क्रमांक एकोणीसला मी खरोखर थांबून दम खाल्ला. गुहेत दहाबारा बायका पाय पसरून चटया विणत बसल्या होत्या. आतली हवा थंड, ओलसर. कुयाच्या आईने एक काडी माझ्या हातात दिली, ती वाकवली तशी वाकली. मग मला बाहेर उन्हात उभं केलं आणि थोड्या वेळाने तीच काडी वाकवायला लावली. ती कट्‌कन मोडली. सहा वर्षं आम्ही त्याला हसत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि म्हातारी मात्र खुदखुदत होती. तिच्या डोळ्यांवर आमच्या हॉलमधल्या खोक्यातल्या तीनपैकी एक चष्मा होता. मागच्या भोकातून एक बकरी आत आली.

"घर?" मी विचारलं.

कुयाने नदीपलीकडे चंबू केला. होडीने पलीकडे गेलो, मग चिखलातून, माडांखालून, पाऊण तास. नकाशा कधीच संपला होता. नारळाच्या खांबांवर उभं केलेलं, झावळ्यांनी शाकारलेलं दोन खोल्यांचं घर. आत आमचा पुठ्ठ्याचा खोका, वर निळ्या फुलांचा टेबलक्लॉथ, त्यावर पाहुण्यांसाठी पाच करवंट्या बिनागोल.

कुया माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, शीट साइज स्मॉल. हाउस नॉट कमिंग इनसाइड."

मी खोक्यावरच्या करवंट्या बाजूला केल्या, ट्रेसिंग पसरलं आणि त्याच्या खिशातलं सगळ्यात बारीक पेन मागून घेतलं. 'तपासलं' या घरात सही केली, हळूहळू, पूर्ण नावाची. मग बाजूला लिहिलं: मंजूर, सूचनेसह. घर शीटच्या बाहेर जाते. मोठी शीट घेऊन घर दाखवावे.

त्याने ते दोनदा वाचलं.

"नोटेड, सर," तो म्हणाला, आणि डोळे पुसत पट्टी शोधायला लागला.